आतून मारलेली हाक

समुद्रकाठच्या चौक गावात उतरलं की आधी सुक्या बोंबलांचा वास भेटतो, मग माणसं. शाळेत असताना दर रविवारी मी मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कहून इथं यायचो, कारण कॉलिनकडे कॉम्प्युटर होता. मोडेम किरकिरत नेट जोडायचा आणि कॉलिन त्याच्या सुरात सूर मिसळून गायचा. पुढं तो मासेमारीला लागला. एकदा गेलेली त्याची बोट परतलीच नाही.

आज पुन्हा त्याच कॉम्प्युटरसमोर बसलो होतो. कॉलिनचा थोरला भाऊ ट्रेव्हर आखातात असतो. त्यानं बजावलं होतं, ममाशी रोज नीट बोलता आलं तर ठीक, नाहीतर घराला कुलूप लावून तिला मीरा रोडला फ्लॅटवर ठेवीन.

"घरात वायफाय द्यायला बाजारात छोटा डबा मिळतो, मावशी, राउटर," मी म्हणालो.

"ह्यो कॉलिनचा हाय ना? मंग ह्योच चालव," त्याची आई, ॲग्नेसमावशी म्हणाली.

धूळ झटकली. आत नवं नेटवर्क कार्ड बसवलं. एका बाजूला बाहेरून आलेली तार, दुसऱ्या बाजूला घरभर वायफाय देणारी अँटेना, आणि मधे हा म्हातारा, उंबऱ्यासारखा.

"आता सगळं ह्याच्यातूनच जाणार-येणार. आतून कुणी हाक मारली तरच बाहेरचं उत्तर आत येईल. आपणहून आलेल्याला हा घेणार नाही."

बोंबील निवडणारे मावशीचे हात थांबले.

"आतून हाक मारायला लागते?"

"हो."

"दर्यावर जानाऱ्याला मागनं हाक मारायची न्हाय आमच्यात. मी कॉलिनला मारलीच न्हाय. गेल्यावर पन न्हाय."

मी कीबोर्डकडे वळलो. ती उठून समुद्राकडच्या दारात गेली. तिथून तिचा एकदाच आवाज आला, हळू, पोराला जेवायला बोलवावं तसा. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

ट्रेव्हरचा कॉल लागला, अगदी स्वच्छ. मावशी फोन घेऊन आतल्या खोलीत गेली.

मग लाइट गेली. पंखा मंदावला. कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला, अँटेनेचा दिवा विझला.

आत मावशी बोलतच होती.

तिच्या फोनमध्ये सिम नव्हतं. ट्रेव्हरनं तो घरच्या वायफायपुरताच पाठवला होता.

माझा फोन वाजला.

"कौस्तुभ, लाइट गेली काय रे?" ट्रेव्हर म्हणाला. "ममा मधेच कट झाली."

मी खोलीच्या दारात गेलो. मावशी खाटेवर पाय वर घेऊन बसली होती. हसत होती. तिला एक दात कमी आहे, हे मला आज कळलं.

"बोल ना. सिस्टीम नीट चालतेय ना? का येऊन घेऊन जाऊ तिला?"

मावशीनं फोनवर तळवा ठेवला. "कोनशी बोलतोस, विचारतोय."

"ट्रेव्हरशी."

तिनं ते फोनमध्ये सांगितलं. ऐकलं. मान हलवली.

"त्याला सांगू नको म्हनतोय."



"नीट चाललंय, ट्रेव्हर," मी म्हणालो. "राहू दे तिला इथंच."

मावशी फोनकडे वळली.

"न्हाय सांगितलं त्यानं," ती मायेनं म्हणाली. "आता बोल. अजून कोन कोन हाय रे तुज्यासंगं?"