टाचेला आठवतं

शाल्मलीने पोतदारकाकांना लाथ मारली आणि काका मंगळसूत्रांच्या ट्रेमध्ये जाऊन बसले.

असं काही झालंच नाही. निदान दुकानातल्या सगळ्यांनी तसं ठरवलं. आई तर लगेच म्हणाली, "डिझाइन छान आहे हो जोडव्यांचं."

काकांनी कानात अडकलेलं मंगळसूत्र काढून जागेवर ठेवलं. "टाच धरली की असं होतं का, पोरी?"

"लहानपणापासून. धरायलाच हवी का?"

"जोडवी घालायचीत. मग काय कान धरू?"

लग्न तोंडावर आलं होतं. विधीत टाच धरणार होता नवरा, आणि त्याचे दात नुकतेच सरळ करून आणले होते. काकांनी काउंटरखालून वेदनालेख काढला. आता मिरजेतल्या सगळ्या सराफांकडे तो असे. बाळाचे कान टोचण्याआधी मज्जातंतूंची स्मृती वाचून, कुठे कमी दुखेल ते तो सांगायचा. त्याची पट्टी टाचेला लावताच पडद्यावर लाल रेघांचं जंगल उमटलं.

"बाप रे! हे तर जन्मल्याजन्मल्याचं टोचणं आहे."

"वेळेआधी झाली ना," आई म्हणाली. "काचेच्या पेटीत होती. तपासायला रक्त टाचेतूनच घ्यायचे. पण एकदाही रडली नाही हो माझी गुणाची!"

ही गोष्ट बारशापासून प्रत्येक कार्यात सांगून झाली होती. मुलगी बघायला आलेल्यांना ती पोह्यांबरोबर वाढली होती.

"घशातल्या तंतूंवरही खूण दिसते," काका पडद्याकडे बघत म्हणाले. "श्वासाची नळी असणार. नळी असली की बाळ रडतं, आवाज येत नाही."

आई पैंजण बघू लागली.

"आणि ही कोपऱ्यातली हिरवी खूण कसली?" शाल्मलीने विचारलं.

"ती नुसती रंगांची माहिती. हिरवी म्हणजे माया. टोचताना कुणी छातीशी धरलं, तर लालशेजारी हिरवी रेघ उमटते. हे दुखणं संपतं, असं शरीर शिकतं. कुणीच धरलं नाही, तर पुढे साधा हात लागला तरी टाचेला सुई वाटते."

तिच्या जंगलात हिरवं काहीच नव्हतं.

"तू म्हणायचीस, दर वेळी मला धरून बसायचीस."

"मशीनला काय कळतंय!"

"आई."

"नर्स बोलवायच्या गं. छातीशी धरा, म्हणायच्या. मी दारापर्यंत यायचे. बघवायचंच नाही. मग खाली कॅन्टीनमध्ये जाऊन बसायचे."

"काय खायचीस?"

"भजी," आई म्हणाली आणि रडायला लागली. अगदी मोठ्याने. तिच्या घशात नळी नव्हती.

काकांनी हळूच विचारलं, "जोडवी पॅक करू?"

शाल्मली पंचायत समितीत कारकून होती. राग आला की लोक ओरडतात, ती अर्ज लिहायची. तिने काकांकडून कागद मागून घेतला.

'मा. अधीक्षक, नवजात अतिदक्षता विभाग, यांस. अर्जदारास काचेच्या पेटीत पुन्हा दाखल करून घ्यावे. नळी काढून एकदा मोठ्याने रडू द्यावे. त्या वेळी अर्जदाराच्या आईस आत बसवावे व कॅन्टीन बंद ठेवावे, ही नम्र विनंती.'