ओळंब्याला लागलेलं

परदेशी खलाशी ओळंब्याच्या बुडातल्या खळग्यात चरबी भरत होता. अंगठ्याने दाबून, मग तळव्याने सपाट करून. शिशाचा ओळंबा समुद्राच्या तळाला टेकला की तिथली वाळू, शिंपल्यांचा चुरा त्या चरबीला चिकटून वर यायचा आणि दोरावरच्या गाठी खोली सांगायच्या. गिमाने हे इतक्यांदा पाहिलं होतं की चरबीचा वास आता त्याच्या बाहीलाच येत होता.

राजधानी शुरीच्या दरबाराने त्याला किनाऱ्याचा नकाशा काढायला जहाजातून आलेल्या या पाहुण्यांवर नेमलं होतं. बोकड, कोंबड्या, रताळी पुरवायची, मोबदला घ्यायचा नाही. त्यांना क्षणभर एकटं सोडायचं नाही आणि खरं काही सांगायचं नाही. राजा कुठे राहतो? लांब. बेट कसं आहे? गरीब. आजवर निभावलं होतं. आज मात्र त्यांची होडी खडकांच्या रांगेतल्या एकुलत्या एका वाटेकडे वळली होती. पलीकडे खोल, निवांत पाणी होतं. ही वाट त्यांच्या नकाशावर चढली तर उद्या तोफांची जहाजं आत येऊन नांगर टाकणार आणि गिमा बायकापोरांसह हिवतापाच्या बेटावर हद्दपार होणार. दरबाराने तसं बजावलंच होतं.

त्याची छोटी होडी परक्यांच्या होडीला खेटून चालली होती. वल्ह्यावर म्हातारा सान्दा होता.

परक्यांच्या होडीत आफुक नावाचा कँटनचा दुभाष्या होता. गिमा त्याच्याशी चिनीत बोलायचा. "यांना सांग, पुढे जाऊ नका. तिथे आमची मृत माणसं आहेत."

"पाण्यात?"

"पाण्यात."

सान्दाचं वल्हं थांबलं. बेटावर कुणीच प्रेत समुद्राला देत नसे. ते डोंगरातल्या दगडी थडग्यात ठेवत. काही वर्षांनी घरच्या बायका थडगं उघडून अस्थी धूत. पण थाप नेमकी होती. परक्यांचा एक खलाशी नुकताच तापाने गेला होता आणि बेटकऱ्यांनी त्याला पाइनच्या झाडांखाली मानाने जागा दिली होती. तेव्हापासून त्यांचा पिवळ्या दाढीचा अधिकारी गिमाला वाकून नमस्कार करायचा.

अधिकारी आफुकशी बराच वेळ बोलला.

"ते म्हणतात, मान राखू. पण आधी ओळंबा टाकून बघू," आफुक म्हणाला. "आणि म्हणतात, तुम्ही लोक फार गोड बोलता."

सान्दा हळूच म्हणाला, "साहेब, माझी आजी असती तर केरसुणीनं हाणलं असतं तुम्हाला. मेलेल्यांचा पत्ता असा बदलतात होय?"

"गप वल्हव."

ओळंबा गेला, टेकला, वर आला. खलाशाने तो उलटा धरला. वाळू नव्हती, शिंपला नव्हता. सपाट चरबीत चार खळगे ओळीने होते आणि एक बाजूला. खलाशाने आपली बोटं त्यात बसवून पाहिली. त्याची बोटं जाड होती, मावली नाहीत.

अधिकारी हसला, पण त्याचे डोळे हसले नाहीत.

"विचारतात, खाली पाणबुडे लपवलेत का?"

गिमाने सान्दाकडे पाहिलं. "तू ठेवलेस?"

"मी? मला वाटलं तुम्हीच. म्हटलं, साहेब आज भलत्याच तयारीनं आलेत."

दोघांनी पाण्याकडे पाहिलं. भर दुपार होती, पाणी काचेसारखं होतं. श्वास घ्यायला कुणी ना कुणी वर येईल म्हणून सगळे थांबले. वाट पाहून खलाशांनी एकमेकांची तोंडं पाहिली. कुणीच वर आलं नाही.

खलाशाने चरबी पुन्हा सपाट केली आणि ओळंबा परत टाकून वर घेतला. या वेळी ठसे एकमेकांवर चढलेले होते, गर्दीत प्रत्येकाने हात पुढे केल्यासारखे. एक हात फारच लहान होता.

अधिकाऱ्याने परत खूण केली.

दोर सरसरत गेला आणि मध्येच सैल पडला. तळ अजून यायचा होता. ओळंब्याचं वजन कुणीतरी हातात घेतलं होतं.

मग दोर वर येऊ लागला. खलाशी ओढत होता त्याहून भरभर.

खलाशाने सुरी काढली आणि दोर कापला.

अधिकाऱ्याने डोक्यावरची टोपी काढली, कागदावर त्या जागी थडग्याची खूण केली आणि होडी वळवली.

जहाज दोन दिवसांत गेलं. दरबाराने गिमाला रेशमाचा तागा दिला. अशी थाप दुसऱ्या कुणाला सुचली नसती, असं वरिष्ठ म्हणाले. गिमाने चौकशी चालूच ठेवली. गावात कोण पाण्यात बुडी मारतं, त्या दुपारी कोण कुठे होतं, सारं पाहिलं. सगळे शेतावर होते.

पानगळीत त्याच्या आईच्या अस्थी धुवायची वेळ आली. थडग्याच्या तोंडावरचा चुना गिमाने स्वतः तपासला. कुठे तडा नव्हता. शवपेटीच्या झाकणाच्या खुंट्या जशाच्या तशा होत्या. बायकांनी अस्थी धुवायची दारू आणि फडकी मांडून ठेवली आणि त्याच्या बहिणीने, मकातोने, झाकण उचललं.

"दादा," ती म्हणाली. "इकडे ये जरा."

पेटी कोरडी होती. अस्थी नव्हत्या. आईला नेसवलेले कपडे कोपऱ्यात होते, बाह्या आत दुमडून, पट्टा गुंडाळून, नीट घडी केलेले. शिंपले वेचायला पाण्यात उतरण्याआधी गावातल्या बायका किनाऱ्यावर ठेवतात तसे. घडीवर, वाऱ्याने उडू नये म्हणून, एक दगड ठेवला होता.