टाकीतले ठोके

बसा, पण त्या टाकीला पाठ टेकू नका.

झाईच्या बंदरावर होडीच्या पंख्यात अडकलेलं जाळं कापायला पाणबुडे उतरतात. त्यांच्या पोलादी टाक्यांत हवा भरायचं काम माझं. माझा नवरा लाहूही पाणबुड्याच होता. खाली अडकलं की सुऱ्याच्या मुठीने पाठीवरच्या टाकीवर तीन ठोके द्यायचे, होडीतल्याने दोर ओढायचा, ही इथली रीत. लाहू बुडाला तेव्हा दोर होडीमालक दिपकशेठच्या हातात होता. ठोके ऐकलेच नाहीत, असं त्याने देवाची शपथ घेऊन सांगितलं.

त्या दुपारी आभाळ भरून आलं होतं. दिपकशेठ खांद्यावर टाकी घेऊन आला. लाहूचीच. इतके दिवस त्याच्या होडीत पडून होती.

"वहिनी, भरून दे लवकर. पंख्यात जाळं गुंतलंय, ओहोटीआधी माणूस उतरवायचाय."

मी टाकी कलती केली. आत पाणी डुचमळलं. टाकीत थोडी हवा राखावी लागते. पार रिकामी झाली की खारं पाणी आत शिरतं आणि पोलाद आतून कुजायला लागतं.

"गंजलीय ही. झडप काढून, आत दिवा सोडून बघितल्याबिगर भरणार नाय मी."

त्याने अशी कानफटात वाजवली की मी भिंतीवर आदळले. ओठ फुटला. कॉम्प्रेसरची नळी त्याने स्वतःच जोडली आणि हवा भसाभसा सोडली. हवा हळूहळू भरायची असते, टाकी पाण्याच्या हौदात ठेवून. ही उघड्यावरच तापत गेली. शेडभर गंजाचा आणि कुजक्या शेवाळाचा वास सुटला.

मग... ठक. ठक. ठक.

आतून.

दिपकशेठ पांढराफटक पडला. "कॉम्प्रेसर वाजतोय..."

"कॉम्प्रेसर नाय तो," मी हळूच म्हटलं.

ठक. ठक. ठक.

"गप!" तो टाकीवर खेकसला. "गप बस, लाहू! ऐकलं होतं रे... तेव्हा पण ऐकलं होतं! जाळं अर्धंच कापलं होतंस तू, काम अर्धं टाकून कसा ओढू?"

त्याने पान्हा उचलला आणि भरत्या टाकीवर घाव घालायला लागला. मी हौदाआड अंग झोकून दिलं.

कान बधिर झाले. पत्रे उडाले. डोकं वर काढलं तर दिपकशेठ कमरेखाली उरलाच नव्हता. पान्हा धरलेला हात वर तुळईत अडकला होता, बोटं घट्ट मिटलेली. मी ढसाढसा रडले. त्याच्यासाठी नाही. माझा लाहू खाली ठोकत राहिला होता, आणि वर हा ऐकत बसला होता, म्हणून.

तुमच्या मागची टाकी कोरी आहे. कारखान्यातून आली, अजून पाण्यात उतरलेली नाही. पण भरली की आतून ठोके येतात. लाहूचे नाहीत ते. लाहू तीनवर थांबून वाट बघायचा. हे घाईघाईचे आहेत, पान्ह्याने घातल्यासारखे, थांबतच नाहीत.

ऐकू येतंय ना...? मलाही येतं. झडप मी उघडत नाही.