मागून सांगणारा

हे नाटक नाही. नाटक काय असतं ते मला वीस वर्षांपासून ठाऊक आहे.

गेल्या एप्रिलची अठरा तारीख. दुपारचे दोन. जाम गावातलं माझं घर.

मी अनुप. झाडीपट्टीच्या नाटकांत वीस वर्षं नायक केला, पण पाठांतर कधी केलं नाही. गरजच नव्हती. पडद्यामागे प्रेमदासकाका वही घेऊन बसायचे आणि प्रत्येक वाक्य हळूच आधी सांगायचे. ते सांगणार, मी बोलणार. टाळ्या मला.

एकदा सिनेमात काम मिळालं. तोंड माझं, आवाज पुण्याच्या कोणाचा तरी! म्हणे, तुमचं 'मले-तुले' जात नाही. असा संताप आला होता...

फेब्रुवारीत काका वारले.

एप्रिलमध्ये मुंबईहून मालिकेसाठी निरोप आला. बापाची भूमिका. मोबाईलवर रेकॉर्ड करून पाच वाजेपर्यंत पाठवा. माझं वय पंचेचाळीस. आता नाही तर कधीच नाही.

बायको नंदिनी पुलगावला माहेरी होती. दार लावलं. कूलर बंद केला.

"मला माझा मुलगा परत पाहिजे."

बोललो. पुढचं आठवेना. सवयीनं थांबलो...

मग रेकॉर्डिंग ऐकलं.

माझ्याआधी कोणीतरी बोललं होतं.

"मले माह्यं पोरगं वापस पाह्यजे..."

प्रेमदासकाका!

पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. चौदा वेळा! भीती राहिली बाजूला, माझं डोकंच फिरलं.

"काका, जिते होते तवा सांगत होते, ठीक होतं. आता काऊन माह्या पोटावर पाय देता? चूप बसा ना!"

स्वयंपाकघराच्या दाराचा पडदा हलला... वारा नव्हता.

पाच वाजता झक मारत पंधरावा व्हिडिओ पाठवला. त्यातही तो आवाज होताच.

आठव्या दिवशी फोन आला.

"तुमचं काम नाही जमलं," मुंबईची बाई म्हणाली. "पण मागून सांगणारे ते काका कोण? काय आवाज आहे! रडवलं हो त्यांनी. ही भूमिका त्यांनाच द्यायची आहे. नंबर द्या ना."

ज्या 'मले'पायी माझा आवाज कापला, तेच 'मले' आता यांना पाहिजे! डोक्यात तिडीक गेली. म्हणालो, "मॅडम, तिथं कोणीच नव्हतं."

स्वयंपाकघराच्या पडद्यामागून हळूच...

"हावो म्हन ना, बाबू. आहे म्हन."

"हं, हाच आवाज!" बाई फोनवर ओरडली. "जवळच आहेत की! द्या त्यांना फोन."

मी फोन कापला.

तो नंबर अजून येतो. मी उचलत नाही. घरात कोणाशीही बोलताना आधी थोडा थांबतो.