सहाव्या गाण्याच्या टाचण्या

आमच्या डोंगरातल्या सेंत-क्रुआ गावात मार्चमध्येही खिडकीबाहेर बर्फ असतो. मला तो आवडतो, टेबलावर त्याचा उजेड एकसारखा पडतो. तीस वर्षं मी किल्ली दिली की आपोआप वाजणाऱ्या जुन्या संगीतपेट्या दुरुस्त करते, त्यांची किंमत ठरवून देते.

त्या मंगळवारी शेजारच्या लोबेर्सों गावाहून लीना गेसाझ आपली पेटी घेऊन आल्या. वय चौऱ्याऐंशी. वृद्धाश्रमात जायचं ठरलं होतं आणि भाची मागे लागली होती, पेटी विकून टाक म्हणून.

"आधी माझे गुडघे तपास, एदमे. मग पेटी."

"गुडघ्यांचे सुटे भाग मिळत नाहीत, लीनाकाकू."

त्या खळखळून हसल्या.

अक्रोडाचं लाकूड, एका कोपऱ्याचा टवका गेलेला. सूर काढणाऱ्या पोलादी फणीचे त्र्याहत्तर दात शाबूत. पितळी नळकांड्यावर ते दात छेडणाऱ्या, सहा गाण्यांच्या बारीक टाचण्या, पण सहावं गाणं मध्येच संपत होतं. पुढे नुसती भोकं. काकूंची आजी घरी बसून कारखान्यासाठी भोकांत टाचण्या बसवायची, वर राहिलेली टोकं छाटायची; हे नळकांडं अर्धवट राहिलं आणि ती गेली. कारखान्याने ते तसंच पेटीत घालून घरच्यांना देऊन टाकलं.

मी चार हजार फ्रँक लिहिले. आठ वर्षांपूर्वी विम्यासाठी मीच ही पेटी पाहिली होती, म्हणून जुना कागद काढला. सोबत फोटो होता. फोटोत सहावं गाणं पाव फेरीवर थांबलं होतं.

समोरच्या नळकांड्यावर ते अर्ध्याच्या पुढे गेलं होतं.

"काकू, मधे कुणाकडे दिली होती?"

"छे! तुझ्याशिवाय कुणाला हात लावू देते मी?"

भिंग लावलं. सगळ्या टाचण्या सारख्याच जुन्या, सारख्याच झिजलेल्या. त्या पक्क्या राहाव्यात म्हणून नळकांड्याच्या पोटात राळ ओततात. ती कुठेही तडकली नव्हती. राळ ओतल्यावर नवी टाचणी बसतच नाही.

"अगं, चाललंय आजीचं," काकू सहज म्हणाल्या. "दर हिवाळ्यात दोन-चार सूर वाढतात. मला वाटायचं, सगळ्यांच्याच पेट्या अशा."

मी किल्ली दिली. सहावं गाणं सुरू झालं. साधी, घरगुती चाल. मग सूर थांबले, नळकांडं नुसतंच फिरत राहिलं. काकू डोळे मिटून बसल्या होत्या. इतका निवांत चेहरा मी फार दिवसांत पाहिला नव्हता.

"नाही विकायची," त्या म्हणाल्या. "तिकडे खिडकीशी ठेवीन. पुरं झालं की मग कर किंमत."

मी आकडा खोडला. मलाही हलकं वाटलं. पेटी भाचीच्या गाडीपर्यंत पोचवली, काकूंनी माझ्या गालाला गाल लावला.

परत येऊन टेबल आवरायला घेतलं. पेटीखालच्या हिरव्या बनातीवर पोलादी टाचण्यांची छाटलेली टोकं पडली होती.

नऊ.

मी एक चिमटीत धरलं.

कोमट होतं.