वीतभर कमी

"ताई, पट्टीचं हे टोक जरा भिंतीला लावून धरता का?"

दारात मोजणीदार उभा होता. कामगारांची आमची वसाहत पाडून तिथे उंच इमारती उठणार होत्या. जेवढी जुनी खोली, त्या मापानं नवं घर. बाबांना जाऊन तेव्हा बावीस दिवस झाले होते.

मी टोक धरलं. त्याने आकडा वाचला, कपाळाला आठी घातली, पुन्हा मोजलं.

"शेजारच्यांपेक्षा तुमची खोली वीतभर कमी भरते."

"बाबा गवंडी होते. शेजारी पत्रे ठोकायचं काम चालायचं. आई अंथरुणाला खिळली, तेव्हा तिला आवाज नको म्हणून बाबांनी आतून दुसरी भिंत घातली. मध्ये पोकळी ठेवून."

"ती पाडून घ्या. नाहीतर नवं घर लहान मिळेल."

"वसाहत पडणारच आहे. पण बाबांची भिंत मी आपल्या हातांनी नाही पाडणार."

माझ्या हातातलं टोक त्याने हळूच सोडवून घेतलं...

दुसऱ्या दिवशी परत आला. म्हणे, आकडा चुकला असेल. तिसऱ्या दिवशीही आला.

"तुमची पट्टी रोज आखडते का हो?"

"पट्टी ठीक आहे... मोजणाऱ्याचंच काही खरं नाही, ताई."

"ताई म्हणायचं असेल, तर उंबऱ्याबाहेरूनच मोजा."

त्याचे कान लाल झाले. मला हसू आलं — आणि लगेच अपराध्यासारखं वाटलं.

चौथ्या दिवशी त्याच्या हातात छिन्नी होती.

"सगळी नियमावली वाचून काढली. मूळ भिंतीपर्यंतचं माप धरता येतं. फक्त एक वीट काढू द्या. पट्टी आत जाईल."

त्याने जपून वीट सोडवली, माझ्या हातात दिली. पट्टी आत सरकली. माप पुरं भरलं.

मी वीट उलटी केली. पोकळीकडच्या बाजूला, जिथे कुणी कधी बघणार नव्हतं, तिथेही बाबांनी सिमेंट नीट दाबलं होतं. त्यावर त्यांच्या अंगठ्याचा ठसा होता. मी त्यात माझा अंगठा ठेवला, आणि इतके दिवस अडलेलं रडू फुटलं.

तो समजूत घालायला पुढे आला नाही. शेजारी बसून राहिला, शेवटपर्यंत.

उठताना म्हणाला, "आता मोजायचं काही उरलं नाही. तरी... उद्या येऊ?"

मी डोळे पुसले.

"या. पण पट्टी घरी ठेवून या."