पहिल्या बिडीची कैची

पाहुण्यांची गाडी आमगावहून निघाल्याचा फोन आला आणि नेमकी तेव्हाच काचेची पेटी रिकामी सापडली.

शालीकराम सेठची कैची गायब! याच कैचीनं तेंदूपत्ता कापून सेठनं सालेकशात स्वतःच्या हातानं पहिली बिडी वळली, अशी कथा. त्या कथेवर कारखाना चालला, आता संग्रहालय उभं राहिलं. आज त्याच कैचीनं पाहुणे फीत कापणार होते. भिंतीवरच्या फोटोत सेठ मात्र उजव्या हातात लेखणी धरून निवांत बसले होते.

फौजदार रुचिका रहांगडाले बंदोबस्ताला आली होती. आता गळ्यात चोरी पडली.

"चोर समोरच आहे, मॅडम," सेठचा नातू हेमेंद्र म्हणाला. कडक इस्त्रीचा कुर्ता, काखेत शाल-श्रीफळाची पिशवी. "कुलूप शाबूत आहे. किल्ल्या दोनच. एक माझ्याकडे, एक या झाडणाऱ्या शकुंतलाबाईकडे. घेऊन जा हिला."

"मी कायले नेऊ जी?" शकुंतलाबाईचा आवाज फुटला. "मायनं कारखाना निंगाला तवापासून जनमभर याइच्याच कारखान्यात बिड्या वळल्या. आता म्हातारपनी चोट्टी म्हनून गावातून नेता मले?"

रुचिकाला ते ऐकवेना. तिनं पाणी मागितलं. शकुंतलाबाईनं पेला पुढे केला.

"उजव्या हातानं दे!" हेमेंद्र खेकसला. "शुभदिवशी तरी डावा हात आवर."

"माय बी डेबरीच होती, डाव्या हाताची, सेठ," ती पुटपुटली.

बाहेर बँड सुरू झाला. हेमेंद्र येरझाऱ्या घालत होता. हवालदार पिशवी धरायला गेला, तर त्यानं ती छातीशी ओढली.

पेटीमागे रुचिकाला लाल फितीचा तुकडा सापडला. चुरगळलेला, मधोमध दुमडलेला, तेलकट. कापला मात्र गेला नव्हता.

"फीत कोणाकडे होती?"

"माझ्याकडेच."

"कैचीला धार?"

"परवाच लावून आणली. एकदम पक्की."

"काल तिला हात लावलात?"

"छे! नुसता नमस्कार केला."

"पिशवी उघडा."

शालीच्या घडीत कैची होती.

"काल तुम्ही तालीम केलीत," रुचिका म्हणाली. "धार पक्की, तरी फीत दुमडली. कारण कैची डावखुऱ्या माणसासाठी घडवलेली आहे, पाती उलटी आहेत. सेठ तर उजव्या हाताचे. म्हणजे पहिली बिडी वळणारा हात दुसराच. पाहुण्यांची फजिती झाली असती आणि कैची कोणाची, हे कोणीतरी विचारलंच असतं. म्हणून ती लपवलीत, आणि जिच्या आईची होती तिच्याच माथी चोरी मारलीत."

"मॅडम, इतने साल का नाम है," हेमेंद्र घामाघूम झाला. "मिट्टी में मिल जाएगा."

रुचिकानं कैची शकुंतलाबाईच्या डाव्या हातात दिली. तोरणातलं एक तेंदूपान दिलं. करकर आवाज झाला आणि पान सरळ कापलं गेलं. म्हातारी कैचीच्या कडीतल्या आपल्या बोटाकडे बघत राहिली.

दारात गाडी थांबली. हेमेंद्रनं घाईनं हात पुढे केला.

शकुंतलाबाईनं कैची सोडली नाही.

"आता फीत कोन कापन जी?" तिनं विचारलं. "उजव्या हातवाल्याले त जमत नाही."